डोकं फिरलंय

पाय आधीच घेतले होते, तीन,
कार्बनचे, एका अख्ख्या लगीनसराईच्या कमाईतून.
डोक्याचं तेवढं ठरत नव्हतं.

"तेहतीस हजार? नुसत्या डोक्याचे?"
वहीवरनं मान वर करून नवरा म्हणाला,
"फिरलंय तुझं."
म्हटलं, तेच तर हवंय.
नीट फिरणारं.

विश्रामबागला उपाध्येंच्या काउंटरवर
गोळ्याचं डोकं होतं. खटका सैल केला की मान टाकायचं,
पंगतीनंतर मांडवात पेंगणाऱ्या मामासारखं.
दांड्यांचं होतं, तीन दिशांना तीन दांड्या,
एक आवळावी तर दुसरी बरगडीत.
आणि खोक्यातलं ते, तेहतीस हजारांचं:
दर काही अंशांवर टक् करून थांबणारं.
त्या आवाजासाठी मी ते चारदा फिरवलं.
उपाध्येंनी चहा मागवला, किंमत कमी नाही केली.
"मोबाइलनं ओढा की आडवा," म्हणाले,
"हरिपूरचा संगम तर आहे."

ओढला होता. जोडलाही होता.
घाटाची सातवी पायरी मध्येच मोडली
आणि वारणेकडच्या बाभळीला दोन बुंधे आले.

एक डोळा मिटा. अंगठा धरा समोर.
आता मान वळवा हळूच:
अंगठा सरकतो, मागची भिंत तिथंच.
कारण मान डोळ्याखाली नसते, डोळ्याच्या मागे असते.
कॅमेऱ्याचं तसंच. स्क्रू पोटाखाली,
नजर मात्र पुढे, भिंगाच्या आत कुठंतरी,
जिथं बोट लावता येत नाही.
फिरायचं त्या जागेभोवती.

हे सगळं मी कुपवाडच्या एमआयडीसीत
दस्तगीर शिकलगारला सांगितलं,
पंपाचे शाफ्ट कातता कातता त्यानं ऐकलं.
"म्हंजी आस चुकलीया," तो म्हणाला.
"आस कुठं हाय तेवढं सांगा, बाकीचं मी कापतो."

आठवड्यानं अॅल्युमिनियमची पट्टी दिली, काटकोनात वळवलेली,
पुढेमागे सरकणारी. खाली चकती,
चकतीला बारा खाचा, स्प्रिंगवर एक छर्रा.
टक्. जरा घोगरा, पण टक्.
नऊशे रुपये, आणि फोटो निघाला की दाखवायचा.

पहाटे हरिपूरच्या घाटावर
जवळ नाव बांधायचा लोखंडी खुंट,
लांब, नदीपलीकडे, मोबाइलचा टॉवर.
एकामागे एक धरले. डावीकडे वळले, खुंट निसटला.
पट्टी मागे ढकलली. आता उलटीकडे निसटला.
पाणी भरायला आलेल्या बाईनं विचारलं, "मोजणीवाल्या का?"
हो म्हटलं.
सत्याऐंशी मिलिमीटरवर कधीतरी
डावीकडे वळले, उजवीकडे वळले,
आणि टॉवर खुंटाआडून हललाच नाही.
केसातली पिन काढून मी तिथं चरा ओढला.

मग आठ फ्रेम. कॅमेरा उभा, बुडबुडा मधोमध.
टक्, थांबा. टक्, थांबा.
पाचव्याला सूर्य ढगात गेला, वीस मिनिटं थांबले.

घरी जोडून पाहिलं:
पायऱ्या सलग. बाभळीला एकच बुंधा.
वारणा जिथं कृष्णेत शिरते तिथं
रंगाची एक तिरकी रेघ आहे पाण्यावर,
ती खरीच आहे, शिवण नाही.

फक्त भरमू अंबी दोनदा आलाय.
तिसऱ्या फ्रेममध्ये होडी सोडताना,
सातव्यात पलीकडे दोरी फेकताना.
पट्टी जागा जुळवते. वीस मिनिटांचं
दस्तगीरकडेही काही नव्हतं.

"एक भरमू पुसून टाक," नवरा म्हणाला.
कुठला?

फोटो घेऊन कुपवाडला गेले.
दस्तगीरनं दोन्ही भरमू पाहिले, काही बोलला नाही.
पट्टी हातात घेतली, चऱ्यावरनं नख फिरवलं,
म्हणाला, "ह्यो कुणी वडला? वाकडा हाय."