सतराव्या पानावरचा त्रिकोण

खुनी मला बाविसाव्या पानावरच कळला.
साऱ्या घरात तो एकटाच कपबशा विसळत होता
आणि लेखिका त्याच्या हातांकडे जरा जास्तच वेळ पाहत होती.
तरी तीनशे पानं वाचली.
इन्स्पेक्टरला पाठदुखी होती,
ती खरी वाटली.

त्याआधी, बर्फात दोन बोटं गमावलेल्या गिर्यारोहकाचं आत्मचरित्र.
बोटांना अख्खं प्रकरण. बायकोला वाक्य एक:
‘हेलन समजूतदार होती.’
पुस्तक पालथं टाकलं, चहा ठेवला,
आलं ठेचताना जरा जोरातच ठेचलं गेलं.

कीथलीत नोव्हेंबरमध्ये चारलाच अंधारतं.
(स्पेलिंग पाहून नाव घ्यायला जावं तर गाव हसतं.
अकरा वर्षांपूर्वी बसमध्ये मीही हसं करून घेतलंय.)
दिवसभर चष्म्याच्या दुकानात
लोकांना खालून दुसरी ओळ वाचायला सांगते.
सुटल्यावर नॉर्थ स्ट्रीटच्या लायब्ररीत.
काउंटरवरून नाहीद विचारते, कसं होतं?
मी म्हणते, ठीक था.
मराठीत ‘बरं होतं’ म्हणाले असते
आणि त्यात केवढी नापसंती मावली असती!

अंतराळाच्या जाडजूड कादंबरीत
माणसं चारशे वर्षं झोपून प्रवास करतात
आणि उठल्यावर एकालाही भूक लागत नाही.
तिथंच माझा विश्वास उडाला.
मग शेवाळावरचं एक घेतलं, पाठ हिरवी म्हणून, चुकून,
आणि घरी येताना कालव्याच्या पुलापाशी वाकून
कठड्याच्या दगडावर बोट ठेवून पाहिलं.
मागून सायकलवाला म्हणाला, काही हरवलं का?

प्रेमकथाही वाचली, कबूल करते.
नायकाला एकदाही सर्दी होत नाही. यॉर्कशरमध्ये!
पटलं नाही आणि रडू आलं,
दोन्ही एकाच पानावर.

त्रिकोण मला त्या प्रेमकथेतच दिसला.
सतराव्या पानाच्या आकड्याखाली, पेन्सिलीनं, तांदळाएवढा.
मग खुनाच्या पुस्तकात. मग दुसऱ्या खुनाच्या.
नाहीद म्हणाली, जुन्या वाचकांची खूण ती,
वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून.
कुणी पाचव्या पानावर टिंब देतं, कुणी नव्वदाव्यावर फुली.
त्रिकोण बहुतेक मिसेस हॉल्डस्वर्थचा.

आता मी पुस्तक सतराव्या पानावरच उघडते.
त्रिकोण असला की सैल होऊन वाचते,
पंगतीत शेजारच्या पानावर भात पडलेला पाहून
आपला संकोच जावा, तशी.
शेवाळाच्या पुस्तकात नव्हता. तिच्यासाठी हळहळले.
गिर्यारोहकाचं मुद्दाम पुन्हा काढून पाहिलं.
हेलनच्या वाक्याखाली कागद दबला होता.
रेघ नव्हे,
नखाचा वळ.

परवा एक शिवण उसवलेली कादंबरी आणली,
समुद्रकाठच्या गावातल्या तिघी बहिणींची.
सतराव्या पानावर त्रिकोण.
त्याच्याशेजारी त्रिकोण.
त्याखाली तिसरा, थरथरता, एक कोन उघडा राहिलेला.

इतकी आवडली असेल?
की खूण दिसली, आणि ती आपलीच आहे हे
आठवलं नसेल?
नाहीदला विचारलं नाही.
दुकानात पांढऱ्या केसांची कुणी आली
की मी डोळ्यांआधी फॉर्मवरचं नाव तपासते.

कादंबरी फार सावकाश वाचली.
मधली बहीण सारखी चाव्या शोधते.
दोनदा उठून माझ्या चाव्या खुंटीला आहेत ना, पाहून आले.

परत करायच्या दिवशी पेन्सिलीला टोक काढलं,
तिन्ही त्रिकोणांपासून जरा अंतर राखून
एक ‘ळ’ काढला, लहानसा.
या गावात दुसऱ्या कुणाचा असणार?
पण कधीतरी तो पाहून
मीही म्हणेन, ही कुणाची बरं खूण,
आणि घरी घेऊन जाईन.

नाहीदनं विचारलं, कसं होतं?
ठीक था म्हणवेना.
म्हटलं, आठ दिवस अजून ठेवू का?