कसर

तिसऱ्या वर्षाच्या पेटीत शंभर कीटक हवेत,
निदान दहा गणांतले.
भुंग्याला टाचणी उजव्या पंखकवचातून,
नाकतोड्याला मानेमागच्या ढालीवर, जरा उजवीकडे,
फुलपाखराला मात्र छातीच्या मधोमध.
होनमाने मॅडम म्हणतात, हात थरथरत असेल
तर आधी चहा पिऊन या.

माझा थरथरत नाही.
भद्रावती पेठेतल्या आमच्या घरी
तुटलेला धागा सांधताना कुणी दिवा लावत नसे.

ऑगस्टपासून बॅगेत मारकी बाटली आहे,
तळाशी कापूस, त्यावर इथाइल ॲसिटेट, वर बूच.
सिटी बसमध्ये शेजारची बाई विचारते,
लोणचं का गं?

रेवणसिद्ध अक्कलकोटकडचा, त्याला सगळंच हुळ.
आमच्या नायनाला पुरुगु.
प्रयोगशाळेतले काशिलिंगमामा सरळ किडं म्हणतात.
आणि आम्ही लॅटिन लिहून खाली रेघ ओढतो,
नाहीतर अर्धा मार्क जातो.

डाळिंबातला सुरसा मी बरणीत वाढवला.
सतरा दिवस दाणे घातले, विष्ठा पुसली,
जांभळट फुलपाखरू निघालं, पंख वाळवत बसलं,
ते पुरते वाळेपर्यंत थांबले.
मग बूच उघडलं.

तुरीवरच्या घाटेअळ्या हातानं मोजल्या,
या झाडाला एक, त्या झाडाला दोन.
पुस्तकात आहे, अमुक इतक्यांपर्यंत फवारू नये,
नुकसान सोसावं, औषध त्याहून महाग पडतं.
रेवणसिद्ध म्हणाला, ही ओळ आमच्या घरी कुणी वाचली असती
तर थोरला काका अजून बोलत असता बापाशी.

डिसेंबरात मोजणी झाली. नव्व्याण्णव.
एका गणाची कसर राहिली, मॅडम म्हणाल्या,
आणि त्यांना स्वतःलाच हसू फुटलं,
अगं, कसरच राहिलीय तुझी!
पंख नसलेली, चंदेरी. जुन्या कागदात बघ.

जुना कागद आमच्याकडे एकच.
माळ्यावर, सुतळीनं बांधलेले जॅकार्डचे पुठ्ठे,
माग भंगारात गेला तेव्हा नायनानं एवढे ठेवून घेतले.
मोराच्या चादरीची नक्षी आहे म्हणतो त्यात.
मोर दिसत नाही, नुसती भोकं,
भोक असेल तिथं धागा वर,
नसेल तिथं खाली.

गाठ सोडली. सळकन एक पळाली.
मग आणखी दोन. बोटाला जरीसारखी पूड लागली.
नायना बॅटरी घेऊन शेजारी बसला.
पंधराव्या पुठ्ठ्यावर काही भोकं वेडीवाकडी होती,
पंचानं न पाडलेली, खाल्लेली.
त्यानं पुठ्ठा उजेडासमोर धरला,
ओठ हलवत मोजत राहिला बराच वेळ.
इथं मोराच्या मानेत दोन धागे वर आले असते, म्हणाला,
गिऱ्हाइकाला कळलं नसतं.

डांबरगोळ्या ठेवू का?
किती आहेत?
तीन दिसल्या.
तुझ्या पुस्तकात किती चालतात?

पुस्तकात पुठ्ठ्यावरच्या मोरासाठी आकडा नव्हता.

एक घेतली. कसरीला टाचणी लावत नाहीत,
अंग फार मऊ, अल्कोहोलच्या कुपीत सोडतात.
बाकी दोघी पुठ्ठ्यांत शिरल्या,
नायनानं त्यांच्यावरूनच सुतळी आवळली,
फार घट्ट नाही.

चिठ्ठी लिहायला घेतली, मुंगीएवढ्या अक्षरात.
गण थायसानुरा. सोलापूर. एकवीस डिसेंबर.
संकलक लावण्या म्याकल.
यजमान,
इथं पिकाचं नाव येतं, तूर, ज्वारी, डाळिंब.
मी लिहिलं, नरसय्या म्याकल, विणकर.
मग मार्कांचा विचार आला.
खोडलं, आणि पुठ्ठा लिहिलं.