तिसरा पट्टा

वर्षातला हा तिसरा पट्टा.
ओर्फेलिना व्हॅनची किल्ली माझ्या बाकावर आपटते,
म्हणते, तुमचे पट्टे फुटके की माझं नशीब?
बाहेर पुन्ता अरेनासची जुलैतली सकाळ,
नऊ वाजून गेले तरी उजाडलेलं नाही,
आणि सामुद्रधुनीवरून आलेलं वारं
शटरच्या फटीत शिट्टी घालतंय.

मी बॉनेट उघडते. चालू कर, म्हणते.
आणि ती किंकाळी,
पहाटे चारला जी अख्खी चढण ऐकते,
शेपटीवर पाय पडलेल्या मांजराची;
इंजिन तापेल तशी कुरकुरत, नाइलाजाने गप्प.

पट्ट्याच्या खाचांत पांढरं काहीतरी.
नखाने खरवडून वास घेतला : साबण.
"कपड्याचा," ती दुसरीकडे बघत म्हणते.
"भावानं सांगितलं. रोज थोडा."

पट्टा तसा बरा आहे. अजून वर्ष काढलं असतं त्याने.
मी टॉर्च खाली नेते, अल्टरनेटरच्या पोटाशी,
तिथे तो : मुठीएवढा, तेलकट,
एक हात, एक पुली, आत गुंडाळलेली स्प्रिंग.
हात थरथरतोय,
म्हाताऱ्याने काठोकाठ भरलेला कप धरावा तसा.
मागच्या दोन्ही खेपांना मी इथवर वाकलेच नव्हते.
चोर सोडून संन्याशाला सुळी,
तीही दोनदा, आणि वर पैसे घेऊन.
तिला सांगते हे.
दोनदाचं नाही. एकदाचं.

टेन्शन घेऊ नकोस, सगळे सगळ्यांना सांगतात.
याला कोण सांगणार?
पट्टा सैलावला की आपण पुढे सरायचं,
ताणला की मागे,
मिनिटाला हजारदा,
आणि कुणाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही.

बॉनेटखालचा नकाशा कधीच फाटून गेलेला.
सोडायच्या आधी चित्र काढ, हे निबाल्दोमामाचं पहिलं शिकवणं.
खडूने फरशीवर पाच गोल काढते,
आणि त्यांच्या आतून बाहेरून, वरून खालून
जाणारी एकच रेघ.
मग लांब पाना, आणि त्यावर माझं सगळं वजन.
स्प्रिंग ऐकत नाही,
मग बोटभर ऐकते,
तेवढ्यात पट्टा ओढून घ्यायचा.

जुनी पुली हाताने फिरवली :
मसुरीत खडा लागावा तसं आत काहीतरी कचकचलं.
नवी फिरवली : नुसता श्वास.
मागची खुंटी भोकात बसली, बोल्ट कटकन बोलला,
पट्टा रेघेबरहुकूम चढवला,
आणि बोट फिरवून पाहिलं तर
एक खाच बाहेर.
पुन्हा सगळं. पुन्हा माझं वजन पान्यावर.
ओर्फेलिनाने तोवर माझा चहा पिऊन टाकला.

किल्ली फिरवली.
"बंद पडली का गं?" तिने विचारलं,
आणि गाडी तर चालू होती.

दुसऱ्या दिवशी शटर वर करते तो
दारात एलेउतेरिओ, खेकड्यांच्या बोटीवरचा,
टोपी हातात, तोंड फुगलेलं.
बोट त्याला न घेताच गेली होती.
"काय केलंत तुम्ही त्या बाईच्या गाडीचं?
चार वर्षं मी घड्याळ लावलेलं नाही.
वरची ती नर्सही झोपून राहिली."

काय सांगणार? जुना टेन्शनर त्याच्या हातात दिला.
त्याने कानाशी धरून पुली फिरवली,
मान हलवली. हा तो आवाज नाही.
नाहीच, म्हटलं. हा तो आवाज होऊ न देणारा.
दमला होता.
खूप वेळ बघत राहिला,
मग, मला न विचारता, खिशात टाकला.

आता ओर्फेलिना पहाटे त्याच्या दारावर
मुठीने दोनदा ठोकते,
आणि एक पाव कडीला अडकवून जाते म्हणे.
पावाचे पैसे लावते की नाही, माहीत नाही.

खडूची ती रेघ फरशीवर अजून आहे,
पायांनी अर्धी पुसलेली.
परवा मामा आला, वाकून बघत राहिला,
हा रस्ता कुठला, म्हणाला.