शेवटी फुली

आज पेपरात सातव्या पानावर आमची बातमी आहे.
एक कंपनी बुडाली, दुसरीने भाडं वाढवलं,
तिसरी म्हणते, थेट आमच्याकडेच या,
मधे कोणी नको.
तो मधला कोणी म्हणजे मी.

वास्कोत, मासळी मार्केटच्या मागच्या गल्लीत
‘सागरी ट्रॅव्हल्स’, शटर अर्धं वर.
बाबा होते तेव्हा नऊ टक्के मिळायचे,
मग सात, मग पाच,
मग एक दिवस पत्र आलं, छापील, सहीसुद्धा छापील:
शून्य.
बाबांनी पत्राची घडी घातली
आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.
अजून तिथंच आहे.
टेबल हलत नाही.

पूर्वी विमानं डोक्यावरून जायची.
ओठांशी आलेलं वाक्य थांबायचं,
आवाजावरून मी सांगायचे,
हे बेंगळुरूचं, आज वीस मिनिटं उशीर.
आता बरीचशी पलीकडे उतरतात, मोपाच्या पठारावर,
तीन नद्या ओलांडून.
आमची वाक्यं हल्ली पुरी होतात.
गल्लीत हे कुणाला फारसं आवडलेलं नाही.

तेव्हापासून माझं काम एका अक्षराचं.
कोडच्या शेवटी आय असेल तर दाबोळी,
फुली असेल तर मोपा.
पोरं मोबाईलवर तिकिटं काढतात,
अंगठा भराभर चालतो,
फुलीपाशी थांबत नाही.

पहाटे पावणेपाचला शटरवर थाप.
कायतान बार्रेटो. चाळीस वर्षं तारवटी,
जगातल्या एकाही बंदराला चुकले नाहीत,
आणि दाबोळीच्या दारात जवानाने परत फिरवलं:
अंकल, यहाँ से नहीं.
कोट, टाय, दोरीने आवळलेली बॅग.
दिल्ली, तिथून लिस्बन,
मुलीला आठवा संपत आलेला.
‘बाय, हें एक्स म्हळ्यार कितें?’

मी नाइटीवर ओढणी घेतली, गाडी काढली.
जुवारीच्या पुलावर त्यांनी कपाळ, छाती, खांदे
असा खुरीस काढला.
मांडवीत कॅसिनोचे दिवे विझायचे होते.
कोलवाळला उजाडलं.
काउंटर बंद होऊन अकरा मिनिटं झालेली.
आतली मुलगी नम्र होती.
नम्रतेचं ट्रेनिंग असतं.

फोनवर दुसरं तिकीट शोधलं.
सहा हजार नऊशे. नाव टाकेपर्यंत अकरा.
आडनावात आर दोन की एक, हे बघेपर्यंत सोळा.
बांगडासुद्धा असा चढत नाही,
आणि चढला तर समोर पाटीमागे कोणी बाई तरी असते,
तिच्याशी भांडता येतं.
इथे मी काचेशी भांडत होते,
काचेत माझंच तोंड, केस न विंचरलेले.

कायतान बाकावर बसले, डबा उघडला.
पाव आणि चोरिस. अर्धा माझ्या हातात ठेवला.
म्हणाले, बोट चुकली की आम्ही असंच करायचो,
आधी खायचं.
सोमवार होता.
मी खाल्लं.

मग सत्तेचाळीस मिनिटं फोन कानाला,
बासरी वाजत राहिली, कुणी माणूस येईना,
आलं तेव्हा तेही पेंगुळलेलं.
पण लिस्बन एक दिवस पुढे सरकलं,
आणि दिल्लीचं संध्याकाळचं मिळालं.
दाबोळीहून.
परतताना ते झोपले, तोंड उघडं, टायची गाठ तशीच.

दुकानात त्यांनी कागद मागितला.
फोनमधलं नको, हातात धरता येईल असं.
बाबांच्या खणात एक तिकिटाचं पाकीट उरलं होतं,
केव्हाच बंद पडलेल्या कंपनीचं, पंखावर सूर्य.
त्यात प्रिंट घातली, ‘आय’भोवती लाल गोल केला.
कोटाच्या आतल्या खिशात ठेवून
त्यांनी वरून दोनदा थोपटलं.

‘कितले जाले?’
मी म्हटलं, सर्व्हिस चार्ज दोनशे.
‘दीडशे,’ ते म्हणाले, ‘चोरिस खाल्लंस ना?’
आणि आम्ही दोघं
एकशेसत्तरवर येईपर्यंत
चांगली पाच मिनिटं भांडलो.