चार अंश

दुसऱ्या वर्षीही सौदे बंद झाले
आणि अख्खा तासगाव तालुका बेदाणा घेऊन
आमच्या शीतगृहाच्या दारात आला.
पंधरा-पंधरा किलोची खोकी, पार छतापर्यंत.
मी रात्रपाळीला.
दर तासाला उठायचं, आत जायचं, वहीत लिहायचं:
चार अंश. चार अंश. साडेचार.

मधली पन्नास मिनिटं
मी 'सडेतोड एकाहत्तर'शी भांडायचो.

हा कोण, कुठला, काही ठाऊक नाही.
चेहऱ्याच्या जागी पोपट.
तो म्हणायचा, साथबीथ काही नाही, आकडे फुगवलेत.
मी म्हणायचो, या मिरजेला, रांग दाखवतो.
तो म्हणायचा, तुमच्या टाळेबंदीनं हातावरचं पोट मारलं.
यावर मला पटकन काही सुचायचं नाही,
मग मी त्याचं शुद्धलेखन काढायचो.

कॉम्प्रेसरवरचा सिकंदर मुल्ला म्हणाला,
"लका, कुणाशी बोलतोयस एवढं? घरात तर तोंड उघडत न्हाईस."
म्हटलं, देशाचा प्रश्न आहे.
"मग देशाला सांग,
तीन नंबरच्या खोलीचं दार नीट लागंना झालंय."

मास्कवरून सुरू व्हायचं,
जिल्ह्याच्या नाक्यावर यायचं,
तिथून लस, दुधाचा दर, शेजारचा देश,
आणि पहाटे तीनच्या सुमाराला
एकमेकांचे आईबाप.

सौद्यात कसं असतं,
खोकं फोडायचं, मूठभर माल उचलायचा,
तळहातावर दोनदा फिरवायचा, भाव बोलायचा
आणि मूठ तिथंच खाली टाकायची.
संध्याकाळी यार्डात पायातलं चप्पल उचलत नाही,
एवढा चिकटा.
आम्ही कुठल्या कुठल्या गावचे मेलेले
तसे मूठभर उचलत होतो.

मे महिन्यात सावळजला हिराक्का गेली.
साखरेनं गेली, त्यानं नव्हे, असं सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं.
परवानगी वीस माणसांची.
मी मोजली नाहीत.
तिचा धाकटा गळ्यात पडला, माझा मास्क हनुवटीवर आला,
आणि मी तो वर ओढला नाही.
त्या रात्री वहीत लिहिलं, चार अंश.
आणि पोपटाला लिहिलं,
नियम पाळता येत नसतील
तर माणूस म्हणवून घेऊ नका.

मग एकदा, भांडण ऐन रंगात असताना, तो म्हणाला,
थांबा. आईचं ताट ठेवून येतो.

ठेवून?

बराच वेळ काहीच नाही.
मग: दाराबाहेर ठेवतो. वेगळी निजवलीय तिला.
वाफ देतो दिवसातून तीनदा. आज बारावा दिवस.
आणि लगेच त्याखाली:
याचा अर्थ साथ आहे असा होत नाही.

सापडला होता.
अंगठ्याखाली वाक्य तयार होतं, धारदार, शुद्ध.
तेवढ्यात तास भरला.
आत गेलो.
खोक्यांच्या त्या थंडगार गल्लीत
तोंडातून वाफ निघत होती, माझीच,
आणि मी ती बघत थोडा जास्तच वेळ उभा राहिलो.

बाहेर येऊन लिहिलं,
ताट रिकामं येतंय का?
तो म्हणाला, अर्धं.
म्हटलं, भात नको. पेज द्या, वर जिऱ्याची फोडणी.
तो म्हणाला, बघतो.
दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा लसीवर आलो.
त्यानं मला विकलेला म्हटलं. मी त्याला अडाणी.

आता सौदे सुरू आहेत.
तो असतो अजून,
हल्ली कांद्याच्या निर्यातीवरून तावातावानं बोलतो.
आईचं मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलं नाही.
त्याच्या प्रत्येक वाक्यात मी आधी
तेवढीच एक गोष्ट शोधतो आणि मग उलट बोलतो.

परवा हिशेबाला जुन्या वह्या काढल्या.
चौदा मे, रात्रीचे दोन.
अंशांच्या रकान्यात माझ्याच अक्षरात
लिहिलंय: अर्धं.
झांबरेसाहेबांनी त्याला लाल गोल केलाय,
शेजारी प्रश्नचिन्ह.