चिमटा

माझगावला, गोदीच्या भिंतीला लागून,
आग्नेल मेस्त्री फियाटचं बॉनेट उघडतो
आणि आधी वास घेतो.
"पेट्रोल खातेय."

चारही प्लग कालच्या पेपरावर,
शेअरबाजाराच्या आकड्यांवर:
काजळलेले, ओलसर.
"मारी बिस्किटाचा रंग पाहिजे. नीट भाजलेला."

मग डॅशबोर्डखाली वाकतो. थांबतो.
ओढलेल्या चोकच्या दांडीला
कपडे वाळत घालायचा निळा चिमटा.
मला तो आईचा वाटायचा, चुकून राहिलेला.

प्लग घासून बसवले. चिमटा काढला, चोक आत.
गाडी दोन उसासे टाकून गप्प.

"रिच कसली, लीन आहे ही.
कुठूनतरी फुकटची हवा ओढतेय,
आणि तुझे पप्पा वरून पेट्रोल पाजत राहिले.
किती वर्षं, देव जाणे."

मला ॲक्सिलेटरवर पाय ठेवायला सांगून
तो कुपीतून तेलाचा थेंब सोडतो
मॅनिफोल्डच्या सांध्यावर, इथे, तिथे,
आणि तिसऱ्या जागी
इंजिन एकदम शहाण्यासारखं बोलू लागतं.
केसाएवढी चीर.

घरखर्चाची वही पप्पाच लिहायचे.
महिनाअखेरीला जमेची बाजू भरलेली असायची.
कशाने, ते कुणी विचारलं नाही.

नवं गॅस्केट. मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आत,
मग दीड फेरा बाहेर,
कान देऊन आणखी पाव.
"शिवडीपर्यंत जाऊन ये."

आलो. प्लग काढला, चटका बसला.
रंग अजून मारीचा नव्हता.
"होईल. पन्नास किलोमीटर तरी पळू दे."

चिमटा खिशात आहे.
स्प्रिंग ढिली झालीये,
एका बाजूचं प्लास्टिक
अंगठ्याएवढं झिजलेलं.