कपाटाच्या दाराआतली अक्षरं

ट्रेलर घेतला तो युफेमिया आर्चुलेटाकडून,
आलामोसाच्या बाहेर, बटाट्यांच्या गोदामामागे.
अठरा फुटी, एक कूस गारांनी चेचलेली.
तिनं पैसे मोजले नाहीत. म्हणाली,
"सिंकखालचं कपाट उघडून बघ. लिहिलंय आत.
ते पुसू नकोस. बाकी काय हवं ते रंगव."

दाराच्या आतल्या अंगाला, सुतारी पेन्सिलीनं:

चढावर गाडी दमते. तिच्यावर ओरडू नकोस.
दहा हजार फुटांवर तुझाही भाता होतो.
मागे रांग लागली तर बाजूला घे, जाऊ दे लोकांना.
उतारावर ब्रेकवर पाय देऊन बसायचं नाही,
खालचा गिअर टाक, इंजिनाला धरू दे ओझं.
जळका वास आला की थांब. नाकाशी वाद घालू नकोस.

मी शाळेची बस चालवतो, वळणं मला नवी नाहीत.
तरी पाठीला अख्खं घर बांधून
स्लमगलियनची खिंड उतरताना
तळहात असे भिजले की स्टिअरिंग पुसावं लागलं.

पहिल्या रात्री चिप्सचं पाकीट फुगून उशीएवढं झालं
आणि दोन वाजता, अंधारात, फाटकन फुटलं.
अस्वल समजून मी कढई घेऊन बसलो उजाडेपर्यंत.
मग खाली वाकून वाचलं:
पाकिटांना आधीच सुई टोच.
आणि अस्वलाला टूथपेस्टही खाऊच वाटतो.

हसलो. एलॉयला मी पाहिलंही नव्हतं कधी,
पण तो ट्रेलरमध्ये होता,
मिशीतल्या मिशीत बोलणारा असणार, असं धरून चाललो होतो.

ओट्यावर अंडं ठेव. घरंगळलं तर तू तिरका उभा आहेस,
आणि तिरक्या ट्रेलरात फ्रिज रुसतो.
पाण्याची नळी रात्री काढून आत घे,
नाहीतर सकाळी काठी होते तिची.
छताची झडप बोटभर उघडी राहू दे, कुडकुडलास तरी.
राजमा इथे जन्मात शिजत नाही. घरून शिजवून आण.
दुपारी एकनंतर उघड्या कड्यावर कोण जातं? मूर्ख आणि वीज.

झडपेचं मी ऐकलं नाही.
सकाळी भिंतींना घाम, गादीला घाम,
आणि डोक्यात कुणी खुंटी ठोकत असल्यासारखं.
अगदी खाली, पाइपाच्या मागे, टॉर्च मारून वाचावं लागलं:
डोकं दुखलं तर खाली उतर. हट्ट नको. फेमीचं ऐक.
मी उतरलो. दोन हजार फूट खाली, ओढ्याकाठी,
डोकं आपसूक सुटलं.

सप्टेंबरात अ‍ॅस्पेन पिवळे झाले तेव्हा
युफेमियाला म्हटलं, चल, एक रात्र.
ती आली, हिरव्या मिरच्यांची पिशवी घेऊन,
आणि प्रेशर कुकर.
"राजमा?" मी विचारलं.
"मग काय, जन्मभर घरूनच आणायचा?"

कुकर शिट्ट्या मारत होता. मी म्हणालो,
एलॉयचं अक्षर छान आहे, गोल गोल.
तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"एलॉयला लिहिता कुठं येत होतं?
तो गाडीखाली पडून बोलायचा, मी लिहायचे."
थोडा वेळ ओढ्याचाच आवाज.
"आणि काही तो बोललाच नाही कधी.
ती मीच लिहिली. वाचून दाखवायचे त्यालाच,
तो म्हणायचा, हो, हे मीच सांगितलेलं."

कुठली कुठली, मी विचारलं.
तिनं कपाटाचं दार पायानं लोटलं,
दारातून वाकून उताराकडे बघितलं, म्हणाली,
"चाकांना ठोकळे लावलेस का रे?
का गाडी आधीच सोडवलीस?"

मी टॉर्च घेऊन बाहेर गेलो.